कानिफबाबांच्या होडीचं साणं

नदी होती तोवर कानिफबाबांची होडी एका काठावरून निघायची आणि विडी संपायच्या आत दुसऱ्या काठाला लागायची. मुळेवर धरण झालं, पाणी पसरलं आणि साठीला टेकलेल्या माणसाच्या वाट्याला दीड तासाची खेप आली. वल्ही झेपेनात, म्हणून त्यांनी शीड चढवलं. आजारी उतारूंसाठी फळ्यांची बुटकी खोली बांधली. नसती आफत ओढवून घेतली म्हणायची. त्या खोलीत बसलेला माणूस पलीकडे घामाघूम होऊन, ओकतच उतरायचा.

घराच्या माळवदाला धूर जायला भोक ठेवतात, तसं साणं बाबांनी खोलीच्या छपराला पाडलं. त्यातून पाण्याचे शिंतोडे आत यायला लागले. मग त्यावर तेलाच्या डब्याचं वाकडं नळकांडं बसवलं, तोंड मागच्या बाजूला वळवून. तरी आत बसून ओढलेल्या विडीचा धूर जागचा हलेना. दोन दिवसांनी त्यांना उमगलं, की हवेला नुसती जायची वाट करून भागत नाही, यायचीही लागते. दाराच्या तळाशी चार फटी कापल्या, तेव्हा कुठे धूर सरळ वर निघाला. शाबास म्हणायला कोणी नव्हतं. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला उद्योग नाही. बाबांची कंबर तेवढी धरली. हे सगळं सोडून द्यावं असं त्यांना रोज वाटायचं, पण दुसरं येत काय होतं?

पौषात लंकाबाई आपल्या बाळंतीण लेकीला, साळूला, दवाखान्यातून घरी घेऊन निघाल्या. पोर आठ दिवसांचं. तिघं खोलीत शिरली, शेकायला निखाऱ्यांची शेगडी आत घेतली, दार लावलं. मागे सुकाणू धरून बसलेल्या बाबांनी अर्ध्या पाण्यात सहज नळकांड्यावर हात धरला. ऊब लागेना. बोट घातलं, तर आतून चिंधीचा बोळा.

"लंकाबाई, दार उघडा!"

"बाळंतिनीला वारं लागंल. फटी बी बुजवल्यात म्या," आतून आवाज आला. जड, झोपाळलेला.

बाबांनी सुकाणू सोडलं आणि लाथेनं दार फोडलं. शेगडी पाण्यात भिरकावली. साळूचे डोळे उघडेनात. पोर लुळं पडलं होतं. त्यांनी दोघांना ओढून वाऱ्यावर आणलं. शीड फडफडत होतं, होडी गरगरत होती आणि बाबा पोराची पाठ चोळत होते. किती वेळ, त्यांनाही कळलं नाही. शेवटी पोर रडलं. साळूनं कण्हत कूस बदलली.

लंकाबाई भानावर आल्या त्या भांडतच. "थंडीत उघड्यावर काडली! तुमच्या घरची असती, तर असं केलं असतं का?"

बाबांनी सुटलेलं सुकाणू पुन्हा धरलं.

"माझी लेक बनू बाळंत झाली, तवा तिच्या खोलीच्या फटी मीच बुजवल्या हुत्या," ते म्हणाले. "शेगडी बी मीच ठिवली. सकाळी मायलेकरं उठलीच न्हाईत. लोक म्हनले, कुटनं तरी वारं लागलं असंल."