वासूचा अंगठा आणि भातुकलीचा डबा

“बाई, हा मुलगा आहे. याला पोळपाट-लाटणं देता?”

गुरुजींनी नातवाच्या हातातलं चिमुकलं लाटणं काढून घेतलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. लाखेच्या रंगाचं, लाकडी, बनारसच्या कुठल्याही गल्लीत मिळतं तसं. ओपीडीतले सगळे पेशंट आमच्याकडे बघू लागले.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी बनारसच्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होते. गुरुजी ब्रह्मा घाटावरच्या वेदपाठशाळेत शिकवायचे. नातू वासुदेव, नऊ वर्षांचा, त्यांच्याच हाताखाली शिकत होता. पतंगाच्या मांज्याने त्याच्या उजव्या अंगठ्याचं टेंडन कापलं होतं. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. ऑपरेशन करून ती जोडली होती. पण जोडलेली दोरी हलवली नाही, तर आजूबाजूला चिकटते आणि बोट वाकत नाही. वासूचा अंगठा तसाच ताठ उभा होता.

दुसऱ्या कुणाचं एवढ्यावर भागलं असतं. वासूचं भागणार नव्हतं. त्यांच्या शाखेत वेद नुसता तोंडाने म्हणत नाहीत, उजवा हातही स्वर दाखवतो. कुठे मूठ मिटायची, कुठे अंगठा तर्जनीला टेकवायचा, हे ठरलेलं. अंगठा टेकला नाही तर पाठ अपुरा. हे मला गुरुजींनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

आता माझी चूक सांगते. माझ्या कपाटात खेळण्यांचे दोन डबे होते. एकावर ‘मुलगे’, दुसऱ्यावर ‘मुली’. अक्षर माझंच. मुलग्यांच्या डब्यात मोटारी, चेंडू, हातोडी. मुलींच्या डब्यात भातुकली आणि एक बाहुली. वासूला मी पहिला डबा दिला. तीन आठवडे तो मोटार ढकलत राहिला. मोटार ढकलायला मूठ पुरते, अंगठ्याला काही काम नाही. शेजारच्या चटईवर शबाना बसायची. काचेने तिचाही अंगठा असाच कापला होता. बाहुलीच्या फ्रॉकची बटणं लावून-काढून तिचा अंगठा वळू लागला, आणि मला वाटलं, पोरगी चिकाटीची आहे! एवढं शिकून माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

शेवटी आमच्या सर्जन साहेबांनी वासूचा हात पाहिला.

“दो हफ्ते, मॅडम. अंगूठा नहीं चला तो फिर से खोलना पड़ेगा.”

त्या दिवशी मला दुसरा डबा आठवला. आणि गुरुजी भडकले.

“ही गुड़िया, हा फ्रॉक... पाठशाळेतली मुलं हसतील त्याला. दुसरा काही इलाज द्या.”

मीही तापट. “गुरुजी, तुमच्या पाठशाळेत स्वयंपाक कोण करतं?”

“आम्हीच. तिथे बायका कुठून येणार?”

“पोळ्या?”

“त्याही आम्हीच.”

“लाटणं कुणाचं वापरता?”

मग मला माझीच भीती वाटली. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत असं बोलायला नको होतं. गुरुजी उठले, दाराबाहेर गेले. संपलं, आता हा मुलगा परत यायचा नाही, असं मी धरूनच चालले.

ते नळावर हात धुवायला गेले होते. परत आले, धोतर सावरून वासूसमोर चटईवर बसले आणि मी मळून ठेवलेल्या कणकेची गोळी उचलली.

“असं दाबून नाही धरायचं. मनगट सैल. अंगठा पुढे, हं, आता फिरव.”

मी बघतच राहिले. हात कसा वळवायचा, हे शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. माझ्या डिप्लोमात यातलं काही नव्हतं. बटणाचा फ्रॉकही त्यांनी स्वतःच मागून घेतला. वासूला दुखलं की ते थांबायचे, पाठीवरून हात फिरवायचे, पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या की पाचव्या दिवशी एका पेशंटचा बाप हसला, “अरे, लड़का बेलन चला रहा है!”

गुरुजींनी मान वर न करता सांगितलं, “पाठ कर रहा है.”

पुन्हा कुणी हसलं नाही.

दोन आठवड्यांनी साहेबांनी हात तपासला आणि ऑपरेशन रद्द केलं. वासूने तिथेच, टेबलाशी उभं राहून, एक मंत्र म्हटला. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मी फक्त अंगठा बघत होते. तो सावकाश आला आणि तर्जनीला टेकला. गुरुजींनी डोळे पुसले. मीही पुसले, लपवत कशाला बसू?

त्यांनी मला नमस्कार केला, तेव्हा मी अक्षरशः मागे सरकले. ऋणी तर मी होते. माझ्या चुकीने मुलाचे तीन आठवडे गेले होते, आणि ते त्यांनी चारचौघांत चटईवर बसून भरून काढले होते. तसं सांगितलंही त्यांना. ते म्हणाले, “बाई, चूक माझीही तीच होती.”

तेव्हापासून कुठलंही पोर आलं की मी आधी त्याचा हात बघते. मुलगा की मुलगी, ते केसपेपरवर लिहिलेलं असतंच. खेळणं ठरवताना त्याचा काही उपयोग होत नाही.