खुर्चीवरचा आचारी आणि आठवड्याची सुई

भरिताची वांगी भाजली की सालांचा ढीग लागतो. टाकायचा कुठे, हा प्रश्न दर पार्टीत पडतो आणि दर पार्टीत कुणीतरी त्यात पाय घालून घसरतो. आम्हा आचारी मंडळींच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. मी वाढपी माणूस. चौथीत शाळा आणि मी एकमेकांना कंटाळलो, तेव्हापासून हातात बादली. पन्नास वर्षं वाढतोय. पोळ्या कमी वाढल्या असतील, चहाड्या जास्त. तेव्हा हे वर्ष-दीड वर्षाचं साठलेलं आता वाढून टाकतो, म्हणजे मी मोकळा.

किस्से सगळे पंढरीआबांचे. जळगावात लग्न असो नाहीतर मळ्यातली भरीत पार्टी, आबांचा हात लागला की लोक बोटं चाटतात. पण आबांचे गुडघे गेले. चुलीपुढे उकिडवं बसून स्वयंपाक करणारा माणूस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून झारा हलवायला लागला. खाली बसलेच तर उठवायला दोघं लागायचे, एक मी आणि एक मंडपवाले सलीमभाई. मी लावायचो जोर आणि कण्हायचे सलीमभाई. लोक मागून 'खुर्चीवरचा आचारी' म्हणायला लागले. ते नाव मीच पाडलं होतं, पण आबांना ते लागलं.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, "वजन एकशे अठरा आहे. पंचाण्णवच्या आत या, मग ऑपरेशनचं बघू."

आबा दवाखान्यातून बाहेर आले आणि मला म्हणाले, "छगन, माले परत चुलीजवळ बसनं शे. बाकी काही नही."

त्यांचा चेहरा बघून मी त्या दिवशी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी भरपाई केली.

*

वजनाच्या डॉक्टर म्हणजे एक मॅडम. वय आबांच्या मुलीएवढं, आवाज आबांच्या सासूसारखा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसभरात काय काय खाता?"

"मी कुठे खातो मॅडम? मी चाखतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बरं. काय काय चाखता?"

आबा सांगायला लागले. सकाळी वरण शिजलं की एक वाटी. बट्टी आतून भाजली का बघायला एक बट्टी, आणि तूप तिच्यात मुरतं का हे बघायला दुसरी. वांग्याची घोटलेली भाजी दोनदा, एकदा मिठासाठी आणि एकदा तिखटासाठी. शेवभाजीचा रस्सा. जिलबी पाकातून काढल्यावर एक, गार झाल्यावर एक.

"आणि जेवण?"

"जेवणाला वेळ कुठे मिळतो? पंगती उठल्यावर चार घास."

सिंधूअक्का, म्हणजे आबांच्या बायको, शेजारी बसल्या होत्या. त्या छताकडे बघत म्हणाल्या, "ते चार घास मी मोजलेत. सात पोळ्यांचे होतात."

मॅडमनी सगळं तपासलं, रक्त काढलं, घराण्यात कुणाला काय झालं होतं ते विचारलं आणि आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. पेनासारखं असतं, पोटावर घ्यायचं. डोस अगदी छोट्यापासून, चढवायचा तो हळूहळू आणि त्यांनी सांगितल्यावरच. सोबत खाण्याचा कागद, दोन भाकरी, डाळ, दही, पालेभाजी, असा.

"हे औषध भूक कमी करेल," मॅडम म्हणाल्या, "पण झारा तुमच्या हातात आहे. तो औषधाला धरता येत नाही."

*

आबांनी आयुष्यात किती मण वांगी चिरली असतील. त्या माणसाला केसाएवढ्या सुईची भीती! पहिल्या रविवारी डोळे मिटून, खुर्चीचे हात धरून बसले. अक्कांनी सुई टोचली, काढली, हात धुतले, भाजी निवडायला बसल्या.

आबा डोळे मिटूनच म्हणाले, "टोचा आता, मी तयार शे."

पुढच्या महिन्याचं पेन आणलं, तेव्हा मॅडमनी सांगितलं होतं की थंडाव्यात ठेवा. आचाऱ्याच्या घरी थंडाव्याची काय कमी? आइस्क्रीमवाला मोठा डीप फ्रीझर होता. आबांचा हिशोब असा की मावा गोठवला की जास्त टिकतो, मग औषध का नाही टिकणार? पेन मटारच्या पिशवीखाली ठेवलं. रविवारी काढलं तर दगड.

मॅडम म्हणाल्या, "गोठलं की गेलं. वितळवून वापरायचं नाही. फ्रीजच्या कप्प्यात ठेवायचं, बर्फात नाही."

मी म्हटलं, "मॅडम, मटार मात्र अजून चांगले आहेत."

*

महिन्या-दोन महिन्यांत आबांचा सदरा सैल दिसायला लागला, तसे सलीमभाई अस्वस्थ. त्यांचं अंग काटकुळं, पण पोट मात्र मंडपाच्या झालरीसारखं पुढे आलेलं. एक दिवस हळूच म्हणाले, "आबा, उसमें थोडा बचता होगा ना? एखादी सुई आपल्याला पण."

आता आमच्यात चहा अर्धा-अर्धा, तंबाखूची डबी एक. आबांना नाही म्हणता येईना. शेवटी सलीमभाईंनाच मॅडमकडे घेऊन गेले, परवानगी काढायला. मी अर्थातच सोबत. फुकटचा तमाशा मी सोडत नाही.

मॅडमनी ऐकून घेतलं. "सुई बदलली तरी पेन दुसऱ्याला द्यायचं नाही. एकाचं रक्त दुसऱ्याला लागू शकतं. आणि औषध यांना मानवलं म्हणून तुम्हाला मानवेल असं नाही. सलीमभाई, पोटाचा काही जुना आजार?"

"चार साल पहले स्वादुपिंड सुजलं होतं. आठ दिवस ॲडमिट होतो."

मॅडम आबांकडे वळल्या. "ऐकलंत? यांना मी स्वतःसुद्धा हे सहज लिहून देणार नाही, आणि तुम्ही चहासारखं ओतायला निघालात."

बाहेर येऊन सलीमभाईंनी पोटावरून सदरा खाली ओढला. मग म्हणाले, "म्हणजे आपल्यात वाटून खायला फक्त भरीतच राहिलं."

*

भरिताचं निघालंच आहे तर पाचोऱ्याचं सांगतो. आबांच्या साडूंच्या मळ्यात पार्टी. आबा त्या दिवशी आचारी नव्हते, पाहुणे होते. वाढायला मी. आता पन्नास वर्षांचा वाढपी आग्रह करणार नाही तर काय भजन करणार? तेलाचा तवंग आलेलं भरीत, गरम पुऱ्या. आबा म्हणाले, "बस रे." मी म्हटलं, "आबा, साडूंच्या तोंडाकडे बघा." आबांनी बघितलं आणि जुन्या सवयीने सहा पुऱ्या खाल्ल्या.

औषधाने पोट सावकाश रिकामं होतं, हे मॅडमनी सांगितलं होतं. पुऱ्या आत बसून राहिल्या, पंगत उठायचं नाव घेईना. परतीच्या एसटीत आबांचा रंग हिरव्या वांग्यासारखा झाला. कंडक्टरने शेवटी बस थांबवली. उतरल्यावर आबांनी साडूंचं सगळं प्रेम बाभळीच्या बुंध्याशी परत केलं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी पोटात असह्य दुखलं का, दुखणं पाठीत गेलं का, ते विचारलं. तसं झालं तर घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना. तसं काही नव्हतं. मग म्हणाल्या, "तळलेलं, तेलकट कमी. पोट भरलं वाटलं की हात धुवायचा. पुऱ्या वाढल्या कुणी?"

आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

*

त्या बाभळीचा आबांनी धसका घेतला आणि गडी दुसऱ्या टोकाला गेला. कमी खाल्लं की वजन उतरतं, तर काहीच न खाल्लं की धावत उतरेल! दिवसाला एक पेरू. अक्का ओरडायच्या, हे पेरू दाखवायचे.

चौथ्या दिवशी एका साखरपुड्याच्या कामावर झारा उचलेना. हाताला कंप सुटला, घामाने सदरा भिजला, आणि मला म्हणाले, "छगन, तू दोन कधी झालास?" एरवी मी यावर काहीतरी बोललो असतो. त्या दिवशी मी सलीमभाईंना ओरडून बोलावलं. सलीमभाईंनी जिलबीच्या पाकातला चमचा आबांच्या तोंडात घातला. थोड्या वेळाने मी एकटाच दिसायला लागलो.

मॅडमनी विचारलं, "साखरेची गोळी घेता?"

"घेतो की. दहा वर्षं झाली."

"पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, कोणती औषधं चालू आहेत. तुम्ही फक्त बीपीची सांगितली."

"ती काय औषध शे मॅडम? ती रोजचीच शे."

मॅडमनी दोन्ही हात कपाळाला लावले. मग ती गोळी कमी केली, आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, 'उपास नाही. डाळ, अंडं, दही आधी. पाणी भरपूर.' खाली पायांचे व्यायामही लिहिले, नाहीतर चरबीसोबत ताकदही जाते म्हणे. अक्कांनी तो कागद पेरूच्या टोपलीवर चिकटवला.

*

आता माझा एक गुन्हा. दर महिन्याला मॅडमच्या काट्यावर आबा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, कारण आकडा बघायची भीती. एकदा मी मागून पायाचा अंगठा हळूच काट्यावर टेकवला. आबांचं तोंड बघायचं होतं, दुसरं काही नाही.

मॅडमनी आकडा वाचला. "तीन किलो वाढलंय."

आबा वळले. ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते खुर्चीत बसले आणि हातातली टोपी नुसती फिरवत राहिले. अक्का म्हणाल्या, "रागावू नका हो, खरंच खात नाहीत ते. मी बघते ना." मॅडमनी कागद ओढला. "म्हणजे हा डोस पुरत नाही. पुढचा सुरू करू."

मागच्या वेळी डोस चढवला तेव्हा आबांनी दोन दिवस ओकाऱ्या काढल्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, थांबा. त्यातले तीन किलो माझे आहेत."

मॅडमनी आबांना परत चढवलं, मला समोरच्या भिंतीला उभं केलं. उलट दोन किलो उतरलं होतं. मग मला म्हणाल्या, "या. नुसता अंगठा कशाला, पूर्ण चढा."

बेचाळीस भरलो. मॅडमनी मलाही कागद दिला. त्यात दोन अंडी, दूध, शेंगदाणे. आबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर हसले, आणि घरी जाईपर्यंत हसत होते.

*

आबांची खरी भीती वेगळी होती, हाताची चव जाण्याची. ती त्यांनी धुळ्याच्या लग्नात सांगितली. चुलीवर मोठं पातेलं, आठशे पानं जेवायची, आणि आबा चमचा हातात धरून नुसते उभे. "छगन, भूकच नही तं चव कशी समजी? माना हात जाई."

मी म्हटलं, "मी आहे ना. मी चाखतो."

चाखलं. भाजीत मीठच नव्हतं, कुणीतरी विसरलं होतं. मी तोंड गोड करून म्हटलं, "आबा, एकदम बरोबर."

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि मिठाची पिशवी ओढली.

"कसं कळलं?"

"बरोबर असती तर तू दुसरा चमचा घेतला असता."

*

वर्ष उलटलं आणि काटा त्र्याण्णववर आला. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, अक्कांनी दवाखान्याची पिशवी भरली, त्यात चार दिवसांचे कपडे. मी आणि सलीमभाई सोबत. ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना या सुईचं आधी सांगायचं, असं मॅडमनी चौघांकडूनही वदवून घेतलं होतं, म्हणून आम्ही रस्ताभर तेच पाठ करत होतो.

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघे दाबले, वाकवले, आबांना खोलीत चालवलं. मग एक्स-रेचे फोटो परत परत बघत म्हणाले, "आबा, मला वाटतं इतक्यात ऑपरेशन नको. थांबून बघू."

आबांचा पारा चढला. "थांबू? साल भर मी भूक्या राहिलो, सुया टोचाड्या, बाभूळखाले ओकनू, आनि आते थांबू? तुमले वाटस माले दुखत नही?"

"दुखतं कुठे, ते दाखवा."

"दाखवतो की. खाली बसलं ना, की उठताच येत नाही. हे बघा."

आणि आबा डॉक्टरांच्या टेबलापुढे, फरशीवर, उकिडवे बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मान वर केली. "पाह्यलं? आते उठनं म्हणजे दोन मानसं लागतीन. छगन, सलीमभाई, या रे."

आम्ही बाकावरून उठलो. सलीमभाईंच्या मांडीवर पिशवी होती, ती खाली ठेवण्यात जरा वेळ गेला. आबा वैतागले, "या ना लवकर," म्हणाले, आणि आमच्याकडे यायला दोन पावलं चालत पुढे आले.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. अक्का पिशवीकडे बघत राहिल्या. आबांनी एकदा फरशीकडे बघितलं, एकदा आमच्या दोघांच्या रिकाम्या हातांकडे, आणि माझी मानगूट धरून म्हणाले,

"खरं सांग. कोनी उचलं रे माले?"