लिहून नामंजूर

हिंगोलीच्या अदालतीत संतराम वकिलांना सगळे 'हरकत वकील' म्हणायचे. त्यांच्या तोंडावर न्हाई, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मी उत्तमराव, त्यांचा मुनशी. चौदा वर्षं त्यांचे कागद सांभाळले अन् त्यांची बोलणीही खाल्ली, म्हणून सांगायचा हक्क माझाच.

माणूस भला, पण भारी चिवट. हुजुरांनी एखादा प्रश्न विचारू दिला नाही की दुसरे वकील गुमान खाली बसायचे. हे उभेच! "हुजूर, माझा प्रश्न अन् आपला नकार, दोन्ही मिसलीत लिहून घ्यावेत." मिसल म्हणजे खटल्याचे सगळे कागद. मिसल लिहिणारा पेशकार कपाळाला हात लावायचा. अन् नकार लिहिला गेला की यांचा चेहरा असा खुलायचा, जणू खटलाच जिंकला. अरे बाबा, नकाराचं कसलं कौतुक?

पण त्याला कारण होतं. वकिली नवी होती तेव्हा लालसिंग नावाच्या माणसासाठी हे एका साक्षीवर तासभर भांडले, सगळं तोंडी. अपील परभणीला गेलं, तर तिथले जज्ज म्हणाले, मिसलीत असं काहीच दिसत नाही. लालसिंगानं वर्षभर तुरुंग भोगला. "उत्तमराव, वरच्या अदालतीला माझा आवाज जात नाही, कागद जातो," एवढंच ते मला म्हणाले होते. त्या दिवशी जेवले नव्हते.

अडतीस सालची गोष्ट. शिरड शहापूरच्या किसनरावांचा तांबडा बैल हरवला, अन् साखऱ्याजवळच्या तांड्यात फुलसिंगाच्या दावणीला तांबडा बैल दिसला. झालं, फुलसिंग चोर ठरला अन् बैल किसनरावांच्या गोठ्यात गेला. किसनराव खोटारडे नव्हते, पण एकदा "माझाच" म्हणाले की मागं हटतात थोडेच! दोन पंचांनीही माना डोलावल्या.

फुलसिंगाची बायको रूपाबाई तणतणत आमच्या ओसरीवर आली. "बैल आमचाच हाय. सासऱ्यानं त्याला गोणी वाहायला शिकवलं. दोघांनी दोन बाजूंनी गोणी उचलली की आपणहून येऊन मधी उभा राहतो. गाडीच्या बैलाला जमतंय का हे?"

बैलाच्या पाठीवर गोणी लादून माल न्यायचा, तांड्याची जुनी रीत ती. वकिलांचे डोळे चमकले. बैल अन् गोणी अदालतीच्या आवारात आणून पाहावं, अशी मागणी त्यांनी केली. हुजूर हसले. "ही अदालत आहे की बैलबाजार? बसा." सगळे हसले. मीही हसलो, खोटं काहून बोलू?

वकिलांनी कोटातून तीच मागणी लिहिलेली दरखास्त काढून पुढं ठेवली. "हुजूर, नामंजूर तर नामंजूर. पण लिहून नामंजूर."

"ऐकलं ना मी!"

हे उभेच. हुजूर चिडले, पेशकार खाकरला, मी मागून कोट ओढला. शेवटी वैतागून हुजुरांनी शेरा मारला, नामंजूर, खाली तारीख अन् सही. वकील नवरदेवासारखे हसत खाली बसले. अन् चार दिवसांनी फुलसिंगाला एक वर्षाची सजा झाली.

रूपाबाई आमच्यावर तुटून पडली. "माझा माणूस तुरुंगात चालला, अन् तुमी त्या दिवशी हसून राहिले होते! त्या कागदाची भाजी करून लेकराला घालू का?"

वकिलांनी मान खाली घातली. "रूपाबाई, परभणीला या. गोणी घेऊन या."

परभणीला सरकारी वकिलांनी पहिल्याच दमात सांगितलं, "हा गोणीचा किस्सा सजा झाल्यावर रचलाय."

"मिसलीचं सतरावं पान पाहावं, हुजूर," संतराम वकील म्हणाले. मला लालसिंग आठवला, अन् त्यांनाही तोच आठवला असणार. जज्जसाहेबांनी पान काढलं, दरखास्त वाचली, तारीख वाचली, शेरा वाचला.

"सजेच्या चार दिवस आधीचं आहे हे," ते म्हणाले. "बैल आणा."

आठव्या दिवशी बैल आवारात आला. ही गर्दी! जज्जसाहेबांनी किसनरावांना विचारलं, "तुमच्या बैलानं कधी गोणी वाहिली?"

"न्हाई हुजूर. माझा गाडीचा बैल. पाठीवर फडकं टाकलं तरी उधळतो."

मग रूपाबाई अन् तिचा दीर रामसिंग यांनी दोन बाजूंनी गोणी उचलली. बैलानं रवंथ थांबवलं. डुलत डुलत आला, दोघांच्या मधी शिरला, पाय रोवले अन् उभा राहिला. गोणी पाठीवर पडली तरी हलला नाही. रूपाबाई त्याच्या मानेला मिठी मारून रडली.

किसनरावांनी पटका काढला. "हुजूर, चूक झाली माझी. हा माझा न्हाई."

आत येऊन जज्जसाहेब म्हणाले, "फुलसिंगाला सोडा." शिपायानं फुलसिंगाचा हात सोडला. लोक उठले. मी म्हटलं, "चला रूपाबाई, झालं काम."

तिनं माझा हात झटकला अन् तिथंच उभी राहिली, जज्जसाहेबांपुढं, पदर खोचून.

"हुजूर, सोडा तर सोडा. पण लिहून सोडा."

संतराम वकील इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. जज्जसाहेबांनी लेखणी उचलली.