फुकटच्या वकील मॅडमना खरं सांगितलं आणि दादाला जामीन झाला

ग्रुपवर मी नुसती वाचते, लिहीत न्हाय. नववीत शाळा सुटली, चुका असतील. पण आज भिवंडी कोर्टात माझ्या दादाला जामीन झाला!

दादा वडप्याला गोडाऊनमध्ये लोडर हाय. तिथं माल चोरीला गेला आणि गेटच्या रजिस्टरात त्या टायमाला दादाचं नाव, म्हणून महिन्यापूर्वी पोलिसांनी त्यालाच आत टाकलं. खरं तर दादा त्या दिवशी ड्युटीवर गेलाच नव्हता. त्याचा गेटपास मित्राने वापरला. इथली पोरं देतात असे पास एकमेकांना. आई म्हणाली, "पासचं कुणाला बोलायचं न्हाय, दादाची नोकरी जाईल."

वकील लावायची ऐपत नव्हती. कोर्टातल्या विधी सेवेच्या ऑफिसात अर्ज केला, तिथून मॅडम मिळाल्या. मामी बोलली, "फुकटचा वकील काय लढणार?"

आज सकाळी मॅडमनी विचारलं, "त्या दिवशी तो होता कुठे?"

आईने माझा हात दाबला, तरी मी बोलले. पासचंही सांगितलं. "दादा दिघाशीला रेशनच्या दुकानात होता. मशीनवर अंगठा त्यानेच दिलाय."

"पावती?"

"रेशनकार्डात हाय. आईच्या पिशवीत."

"अगं बाई, महिनाभर कुठे होतीस तू?"

पावतीवर तारीख, वेळ सगळं छापलेलं. मॅडम जजसाहेबांपुढे अशा बोलल्या, की समोरचे वकील बघतच राहिले. केस चालेल अजून, पण दादा घरी येतोय!

तुमच्या घरचं कुणी आत असेल तर अर्ज करा, वकील मिळतो. आणि एक विचारू? तुमच्या वकिलापासून काय लपवलंय तुम्ही?