जिझोच्या गळ्यातलं लाळेरं

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आमच्या घरात तसं काही लपून राहत नाही — सासूबाई होत्या तेव्हा तर शिंकायचीसुद्धा चोरी — पण ही राहिली. तुम्हाला सांगावीशी वाटते, कारण तुम्ही सुमनला ओळखत नाही.

सुमन म्हणजे माझी धाकटी जाऊ. पाचोडला राहते, शेती बघते. मी औरंगाबादला, हर्सूलकडं. नवरा वाळूजला कंपनीत, आणि मी एका वस्तुसंग्रहालयात कामाला होते. काम काय, तर वस्तूंपुढच्या इंग्रजी पाट्यांचं मराठी करायचं. आणि त्याचा तोरा केवढा मला! शब्द इकडचा तिकडं होता कामा नये, असं नव्या पोरींना ऐकवायची.

एका वर्षी जपानी वस्तूंचं प्रदर्शन आलं. गुंडाळून ठेवायची लांबलचक चित्रं, पंखे, चहाच्या वाट्या, एक रेशमी किमोनो — आपल्या इथल्या हिमरू कापडाशी ताडून बघायला जुनी मंडळी त्याच्यापुढून हलेनात. बुद्धाच्या मूर्तीपुढं बायका फुलं ठेवायच्या, पहारेकरी उचलायचा, त्या परत ठेवायच्या. आणि एका कोपऱ्यात दगडाची, गुडघ्याएवढी एक मूर्ती. तुळतुळीत डोकं, मिटलेले डोळे, गालातल्या गालात हसू. गळ्यात लाल कापड — आपण लेकराला बांधतो ना, अगदी तसं लाळेरं. देवाचं नाव जिझो.

त्याची इंग्रजी पाटी माझ्या टेबलावर आली आणि वाचल्या वाचल्या मी ती पालथी घातली. हा देव वाटसरूंना सांभाळतो, असं लिहिलं होतं. इथवर ठीक. पण पुढं होतं की जन्मून लगेच गेलेल्या लेकरांनाही हाच सांभाळतो, आणि ज्यांची लेकरं गेली त्या आया याच्या गळ्यात असं कापड बांधतात.

आता सांगायलाच हवं. सुमनचं बाळ बारसं व्हायच्या आत गेलं. मुलगी होती. त्यानंतर दुसरं झालंच नाही. दात न आलेल्या लेकराला आपल्यात अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. दहावं नाही, तेरावं नाही. नाव घेऊन रडावं, तर नावच नाही. पुरुषमाणसं घेऊन गेली, आणि कुठल्या बांधाला ठेवलं ते तिला कुणी सांगितलं नाही. तिनं एकदा मला विचारलं होतं. मी म्हणाले, आता ते नको काढू.

थोरली ना मी! पाळणा माळ्यावर मीच चढवला. कुंची, दुपटी मीच देऊन टाकली. तिच्यापुढं कुणी विषय काढायचा नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं. लोक म्हणायचे, थोरलीनं किती सांभाळून घेतलं. सांभाळून? — मला तिचं रडणं नको होतं, एवढंच. माझा अभी तेव्हा मांडीवर होता. ती हंबरडा फोडून रडली असती, तर त्याला कुठं लपवू असं मला झालं असतं.

तर — पाटीतलं ते लेकरांचं वाक्य मी गाळलं. चुकून नाही हं. अभी शिकायला पुण्याला निघाला होता, त्याला निरोप द्यायला सुमन येणार होती, आणि आली की तुमचं काम दाखवा म्हणणार, हे मला पक्कं माहीत होतं. साहेबांनी विचारलंसुद्धा, इंग्रजी एवढं लांब आणि मराठी एवढंसं कसं? मी म्हणाले, मराठी आटोपशीर भाषा आहे. ते हसले. मीही हसले. कशी हसले असेन?

सुमन आली. अभीसाठी धपाटे, शेंगदाण्याचे लाडू, लसणाची चटणी — पोरगं पुण्याला चाललंय की लढाईवर, म्हणून मी तिला चिडवलं. दुपारी प्रदर्शनाला नेलं. किमोनोच्या बाह्या बघून, ह्या बाया भाकरी कशा थापत असतील, म्हणून तोंडाला पदर लावून हसत होती. मग जिझोपाशी आली आणि तिथंच उकिडवी बसली. पाटीवर बोट धरून सगळी पाटी वाचली. वाचून झाल्यावर पुन्हा त्या लाल कापडाकडं बघत राहिली.

"ताई, ह्याला लाळेरं कामून बांधलंय?"

अजूनही वेळ गेली नव्हती. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिच्याशेजारी बसून एक वाक्य बोलायचं होतं मला. रडली असती का? रडली असती. मग रडू द्यायचं होतं की! इतक्या वर्षांचं होतं ते. तिची मुलगी असती, तर अभीच्याच वयाची असती.

"काही नाही गं," मी म्हणाले, "तिकडची पद्धत आहे. परगावी निघालेल्या माणसाला सांभाळतो हा देव."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्या लाळेऱ्याकडं. तिला काही कळलं होतं का? मला सांगता येणार नाही. मग तिनं चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला.

"मंग आपल्या अभीला लई लांब जायाचंय," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच मागते."

हात जोडून, डोळे मिटून ती बसली ती किती वेळ बसली. ओठ हलत होते. अभीचं नाव मला ऐकू येत होतं. मी तिच्यामागं उभी होते.

प्रदर्शन दुसऱ्या गावी गेलं. माझी नोकरीही संपली. अभी आता कामासाठी कुठं कुठं फिरतो. तो निघाला की सुमन पाचोडला अंगणात उभी राहून त्या लाल कापडाच्या देवाला हात जोडते, आणि तो पोचला की मलाच फोन करते — पोचवलं बघा त्यानं. मी हो म्हणते.

तो तिच्या लेकीचा देव होता. मी तो माझ्या लेकाच्या नावावर करून घेतला.