कापसाचा चेंडू

लहानपणी माझी हाडं काचेच्या बांगडीसारखी मोडायची. उंबऱ्याला नुसती ठेच लागली तरी पायाला कामट्या बांधून महिना महिना पडून राहावं लागे. निजामाच्या अमदानीतलं आमचं परतूर. तिथल्या म्हाताऱ्या हकीमसाहेबांनीही असा आजार कधी पाहिला नव्हता.

गल्लीतली पोरं मोंढ्यामागं, कापसाच्या बाजारामागं, चेंडूफळी खेळायची. मी ओट्यावर बसून रडायचे. शेवटी पोरांनीच मोंढ्यात सांडलेला कापूस गोळा केला आणि शेजारच्या काकूंनी त्याचा मऊ चेंडू शिवून दिला. तो उसळायचा नाही, लांबही जायचा नाही. तरी सगळे आमच्या ओट्यापुढं त्यानंच खेळू लागले. फळी मी मारायची, माझ्या वाटचं काकूंच्या मुलीनं धावायचं.

पण मी कधी बादच होईना. हातात आलेला झेल पोरं मुद्दाम सोडायची. मला लिंबूटिंबू धरलंय हे कळलं तेव्हा मी फळी फेकली. "बाद करायचं नसंल तर मी खेळत न्हाई!"

"बराबर हाय," सगळ्यांत थोराड पोरगा म्हणाला. पुढचाच चेंडू त्यानं झेलला. "गेलीस. दे फळी."

काकू ओट्यावरून कडाडल्या, "मुडद्या, आजारी लेकराला बाद करतोस?"

आई ओट्यावरून उठली. घरात गेली, गुळाची ढेप फोडली आणि गल्लीभर गूळ वाटला. पहिला खडा त्या पोराच्या हातावर ठेवला.