आत्तीची मूठ

आमच्या आत्तीच्या मते हे सगळं जग वाकडं पेरलेलं आहे. नृसिंहवाडीला दर्शनाला गेलो की ती देवाआधी रांगेकडे बघते आणि "ओ पावनं, जरा आत सरा, वळ मोडाय लागलीया," म्हणत चार अनोळखी माणसांना सरळ करते. लग्नात सगळ्यांच्या अक्षता भटजींच्या टकलावर पडतात, आत्तीच्या तेवढ्या नवरा-नवरीवर सारख्या पडतात, आणि मग ती शेजारणीचा हात धरून सगळ्यांदेखत तिला मूठ कशी सोडायची ते शिकवते. माझ्या मेव्हण्याने पंगतीत मीठ कमीजास्त वाढलं म्हणून तिने त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि दोन्ही ओळींना स्वतः मीठ वाढलं. मेव्हणा तेव्हापासून आमच्याकडे जेवायला येत नाही. मला या बाईचा मनस्वी राग येतो.

तिला हे शोभतं, हे मात्र मान्य करावं लागतं. कुरुंदवाडजवळच्या काळ्या रानात तिने सगळी उमर बैलांच्या कुरीमागं, म्हणजे पाभरीमागं, चालत चाड्यावर मूठ धरली. चाडं म्हणजे कुरीवरची लाकडी वाटी. चालता चालता मुठीतून त्यात दाणे सोडायचे, ते नळ्यांतून जमिनीत जातात. बोटं सैल पडली की पीक दाट, आवळली की विरळ. शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, पेरणीला आत्तीला न्यायला लोक गाडी पाठवायचे. पुढे ट्रॅक्टरची पेरणी आली आणि तिला बोलवायला कोणी येईना. ती घरात बसून आमच्या सगळ्यांच्या ओळी सुधारू लागली.

तिला त्या संग्रहालयात नेऊन सोडण्याचं पाप माझंच. कोल्हापूरच्या बाहेर कुणीतरी जुनी शेती दाखवणारं एक रान उभं केलंय. तिथे मोट, घाणा, जातं, सगळं चालू असतं आणि माणसं तिकीट काढून बघायला येतात. त्यांना पेरणी करून दाखवणारं माणूस हवं होतं. मी सांगितलं तर आत्ती रात्रभर झोपली नाही, असं तिची सून म्हणाली. आणि या लोकांनी पहिल्याच दिवशी काय करावं? तिचं धुवट लुगडं जुन्या काळातलं वाटत नाही म्हणून तिला जरीची हिरवीगार नायलॉनची नऊवारी दिली! वर नथ! "नाकात नथ घालून कोन पेरतंय, सांगा की," आत्ती ओरडली. "चाड्यात पडली म्हंजे नथ उगवायची व्हय?"

नथ टळली, पण पुढे याहून वाईट झालं. फलकावर लिहिलं होतं, 'पारंपरिक पेरणी, दर तासाला'. दर तासाला! पेरणी म्हणजे यांना काय सिनेमाचा खेळ वाटला? आत्तीने ओटीतलं बी मुठीत घेतलं आणि जागेवर थांबली. एक दाणा दाताखाली फोडला, थुंकला, आणि प्रेक्षकांसमोर गरजली, "ह्ये बी मेल्यालं हाय!" शाळू भाजलेला होता. व्यवस्थापक धावत आला आणि समजावू लागला, "आत्याबाई, बी उगवलं तर उद्या पेरणी कुठे दाखवायची?"

"उगवंना तर पेरायचं कशाला, पावनं?" आत्ती म्हणाली आणि खाली मातीत बसली.

मी जाऊन समजूत घातली. ती इतक्या पटकन ऐकेल असं वाटलं नव्हतं, तिथेच मला संशय यायला हवा होता. पंधरा दिवसांनी व्यवस्थापकाचा फोन आला. त्या रानात शाळू उगवला होता. ही बाई रोज घरून ओटीत चांगलं बी नेत होती, एकदा पेरलेल्या पट्टीत पुन्हा औत घालू देत नव्हती, आणि रोज शेजारच्या पट्टीत सरकत तिने सगळं रान भरून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेची सहल यायची होती आणि पेरणी दाखवायला एकही पट्टी उरली नव्हती. पीक मोडायला ट्रॅक्टर बांधावर येऊन उभा होता, आणि ट्रॅक्टरपुढे आत्ती. "उगवल्याल्यावर नांगर? आधी माझ्या अंगावरनं घाल!" त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बाजूने भांडलो. इतका ओरडलो की दोन दिवस घसा बसला होता.

शेवटी व्यवस्थापक वरमला. पीक ठेवू, म्हणाला. पेरणीचा फलक मात्र काढला, आणि आत्तीला सांगितलं की आता काम नाही. "तसंच असतंय की," आत्ती म्हणाली. "पेरनी वर्सातनं एकदाच." नऊवारी घडी घालून परत दिली आणि घरी आली.

शाळू छातीला लागला तेव्हा मी बघायला गेलो. एकेक ओळ बघत राहावी अशी. फक्त अगदी शेवटच्या ओळीत, बांधाजवळ, दोन हात जागा मोकळी होती. एवढ्या वर्षांत तिची चूक सापडली म्हणून मी तिला ऐकवायला तडक तिच्या घरी गेलो.

पदराची गाठ सोडून तिने पेरणीतून उरलेले शाळूचे मूठभर दाणे दाखवले. "आता हितनं म्होरं रान न्हाय म्हनल्यावर मूठ उघडंना बघ," ती म्हणाली. दाणे पुन्हा बांधून तिने विचारलं, "म्होरल्या साली बोलवतील न्हवं रं?"

बोलवतील की, मी म्हणालो. व्यवस्थापकाला मी अजून विचारलेलं नाही.